काकूंची पहिली बंदूक

लग्नानंतर महिनाभराने मी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या त्या बिल्डिंगमध्ये पोचले, तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. जिन्यात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. ना नमस्कार, ना चमत्कार. म्हणाले, "बरणी खाली ठेवा. दोन्ही हात पुढे करा. तळवे एकमेकांवर, मध्ये छोटं भोक ठेवा. आता त्यातून माझ्या नाकाकडे बघा. डोळे दोन्ही उघडे."

माझा नवरा दोन पायऱ्या खाली सामानाच्या ओझ्याने वाकून उभा होता. तो मला डोळ्यांनीच 'कर, कर' म्हणत होता, कारण हे गृहस्थ फॅक्टरीत त्याचे साहेब होते. मी मुकाट्याने केलं.

"डावा," ते म्हणाले. "नेम धरायला तुमच्यावर डाव्या डोळ्याचं राज्य आहे. आमच्या हिच्यासारखंच."

ही म्हणजे त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काकू. ठेंगण्या, नीटनेटक्या, हातात झाकलेली ताटली, आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेला एक लाकडी सोटा. नीट पाहिलं तर त्या सोट्याला बंदुकीसारखा दस्ता होता आणि बोट शिरेल एवढा लाकडी चापसुद्धा होता. "ये गो," काकू म्हणाल्या, "शिरा गरम आहे तोवर खाऊन घे. ह्यांचं मनावर घेऊ नको."

परदेशात कसं होईल, शेजार कसा मिळेल, या काळजीने माझ्या आईने महिनाभर डोळ्याला पाणी काढलं होतं. तिला पहिल्या पत्रात काय लिहावं, हा मला प्रश्नच पडला. शेवटी 'शेजार चांगला आहे, मराठी आहे' एवढंच लिहिलं आणि बंदुकीचं गाळलं.

काका पाइप फॅक्टरीत क्वालिटीचे मॅनेजर होते. सिमेंटचे पुरुषभर उंचीचे पाइप यार्डात ओळीने पडलेले असायचे. काका त्यांच्यामधून डोळे मिटून चालायचे, हातातल्या छोट्या हातोडीने एकेकावर टकटक करायचे आणि कान लावायचे. "तडा डोळ्याला फसवतो, कानाला फसवता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या फॅक्टऱ्यांत लोक बॅटऱ्या आणि भिंगं घेऊन फिरत असताना आमचे साहेब कानाने पाइप पास करतात, याचा माझ्या नवऱ्याला फार अभिमान होता.

ते मूळचे सावंतवाडीच्या वरच्या अंगाचे, घाटाच्या पायथ्याचे. घराला पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि गावात कुणाच्या भातात डुक्कर शिरलं की लोक आधी काकांच्या वडिलांकडे आणि मग काकांकडे यायचे. आखातात येऊन त्यांना जमाना झाला होता, पण रान काही अंगातून गेलं नव्हतं. घराबाहेर पडताना ते चिमूटभर वाळू उचलून हळूच सोडायचे आणि वारा बघायचे. मग वाऱ्याच्या उलट अंगाने चालू लागायचे. कोपऱ्यावरच्या बकाल्यावर लबानचं ताक आणि खुबूसच्या रोट्या आणायलासुद्धा ते असे लांबून वळसा घेऊन जायचे, जणू काही दुकानदाराला वास लागला तर तो पळून जाईल. आम्ही खिडकीतून बघून पोट धरून हसायचो.

रानाचे त्यांचे दोन नियम होते, आणि ते चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्येही काटेकोर पाळले जायचे. पहिला, मोठ्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते ऐकतं. 'ते' म्हणायचं. दुसरा नियम चापाचा. काकू सकाळी तो लाकडी सोटा खांद्याला लावायच्या तेव्हा काका आरामखुर्चीतून विचारायचे, "दिसल्याशिवाय?" आणि काकू कांदा चिरता चिरता उत्तर द्यायच्या, "चाप ओढायचा नाही." देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने हे रोज चालायचं.

या दुसऱ्या नियमामागे एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. डुकरं उठवायला रानात हाका चालला होता. काकांचे वडील बंदूक धरून बैठकीवर होते. झुडपांच्या जाळीत काहीतरी हललं आणि त्यांनी बार काढला. जाळीत गावातलाच एक हाकारी होता, घरी येऊन-जाऊन असणारा, काकांना लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा. तो वाचला नाही. "वडील पुढे पुष्कळ जगले," काका म्हणाले, "पण जेवताना त्यांनी मान वर केलेली मी पाहिली नाही. म्हणून सांगतो, डोळ्याला दिसलं पाहिजे. कानावर आणि मनावर गोळी चालवायची नाही." कानाने पाइप तपासणारा माणूस हे सांगत होता, हे मला तेव्हा जाणवलं नाही.

आता मुख्य गोष्ट. काका काकूंसाठी पहिली बंदूक निवडत होते. आमची ओळख झाली त्याच्या आधीपासून निवडत होते आणि आमच्या मुलीचं बारसं झालं तरी निवडतच होते. बिल्डिंगमधले बाकीचे नवरे बायकांना शारजाच्या बाजारात सोनं घेऊन द्यायचे. काका शुक्रवारी संध्याकाळी काकूंना त्याच बाजाराच्या मागे, शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात न्यायचे. ससाण्यांच्या डोळ्यांवरच्या कातडी टोप्या, तंबू, कंदील, आणि भिंतीवर काचेमागे बंदुका. विकणारा मल्याळी होता आणि त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"सर, इंडियन पासपोर्ट पे गन नहीं मिलेगा," तो प्रत्येक वेळी सांगायचा.

"मालूम है. सिर्फ मॅडम को उठाने का है."

"कितना साल उठाएगा, सर?"

काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बंदूक काकूंच्या हातात द्यायची, दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा, आणि चापापर्यंत बोट सहज पोचतं का ते बघायचं. बहुतेक बंदुका इथेच नापास व्हायच्या. "ह्या सगळ्या सहा फुटी बाप्यांच्या मापाच्या," ते माझ्याकडे वळून सांगायचे, कारण मीही पुष्कळदा बरोबर असायची. "नवरे काय करतात माहीत आहे? स्वतःला आवडली ती बंदूक बायकोला देतात. आपला कोट तिच्या अंगात चढवावा तसं. मग ती बिचारी पहिल्याच गोळीला कळवळते, खांदा काळानिळा होतो, आणि जन्मात पुन्हा बंदुकीला हात लावत नाही. वर हे म्हणायला मोकळे, बायकांना जमत नाही म्हणून!"

"मग हलकी घ्यायची," मी म्हटलं.

"तिथेच तर गोम आहे. बंदूक जितकी हलकी, तितकी लाथ जोरात. मोठी गोळी हलक्या बंदुकीत घातली की गाढव बरं. म्हणून गोळी लहान, बंदूक लहान. आणि वजन असं पाहिजे की उचलणाऱ्याला ते आठवता कामा नये. मी विचारलं पाहिजे 'जड आहे का', आणि हिने म्हटलं पाहिजे 'काय जड आहे का?'"

त्या वजनाचा शोध म्हणून तो लाकडी सोटा. पॅकिंगच्या पेटीच्या फळीतून काकांनी तो स्वतः तासला होता. आत पोकळी होती आणि तिच्यात लोखंडाचे तुकडे भरता-काढता यायचे. काकूंनी तो खांद्याला लावून स्वयंपाक करायचा, कपडे वाळत घालायचे, फोनवर भावाशी बोलायचं. महिन्या-दोन महिन्यांनी काका विचारायचे, "जड आहे का?" काकू खरं सांगायच्या, "आहे." की एक तुकडा बाहेर. गणपतीला आमच्याकडे आरतीला आल्या तेव्हाही सोटा खांद्यावरच होता. सगळ्यांच्या देखत नवऱ्याचं असलं खूळ इतक्या शांतपणे मिरवणाऱ्या या बाईची मला कधी कीव यायची, कधी राग यायचा.

तो राग मी एकदा बोलून दाखवला. दुपारची वेळ होती. काका फॅक्टरीत होते आणि काकू ओट्याशी कोलंबी सोलत होत्या.

"काकू, तुम्ही नाही का म्हणत नाही त्यांना? इथे कसली शिकार? उंटांची?"

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि दार लावलंय ना ते बघून आल्या. "कुणाला बोलू नको," म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यालासुद्धा नको. ह्यांना काचबिंदू आहे. मधलं दिसतं, कडेचं गेलं. कडेकडेने काळोख आत येतो म्हणतात. मुंबईच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत, पण गेलं ते परत येत नाही."

मला एकदम हातोडी आठवली, आणि मिटलेले डोळे.

"कंपनीला कळलं तर खलास. व्हिसा कॅन्सल. गावच्या घराचं काम अजून अर्धं आहे. आणि घर कुठे, तर रानाच्या तोंडाशी. डुकरं येतात, गवे येतात, ते येतं. आजवर हे होते. पुढे कोण? मूलबाळ नाही. मी म्हटलं, डोंबिवलीला माझ्या भावाजवळ राहू. तर म्हणाले, आंधळ्याला आपलं अंगणच बरं. परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा म्हणतात. ह्यांना पुरतं दिसेनासं व्हायच्या आत माझ्या हातात बंदूक बसली पाहिजे. ती बसली की हे राजीनामा देणार."

"आणि तुम्हांला हवी आहे बंदूक?"

"मला झुरळ मारवत नाही गो," काकू म्हणाल्या आणि पुन्हा कोलंबी सोलू लागल्या. "पण माझ्यासाठी बंदूक शोधतात ना, तेवढा वेळ ह्यांना डोळ्यांची आठवण होत नाही."

त्या दिवसानंतर मी काकांना हसले नाही. मात्र त्यांच्याकडे जास्त लक्ष देऊन बघायला लागले, आणि मग मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं.

त्यांच्या हॉलमध्ये, त्या काळी तिकडे असायचं तसं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तपकिरी कार्पेट होतं. बाल्कनीच्या दाराशी डावीकडे मोकळी जागा होती. तिथे खुर्ची नव्हती, कुंडी नव्हती, काही नव्हतं. तरी बाल्कनीत जाताना काका सरळ जायचे नाहीत. सोफ्याच्या मागून वळसा घेऊन जायचे. पाहुणे आले की हात करून सांगायचे, "तिकडून नको, इकडून या." मला वाटायचं, कार्पेटखाली वायर असेल. काकूही तशाच वळसा घालायच्या, हातात चहाचा ट्रे असला तरी.

उन्हाळ्यातली एका शुक्रवारची दुपार. बाहेर खाडीचं पाणी पांढरं पडलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी आमरसाचं पातेलं घेऊन वर गेले. त्यांचा एसी बंद पडला होता म्हणून दार उघडंच होतं. काका आरामखुर्चीत बसले होते. काकू आत होत्या. बाल्कनीच्या बाजूला वारा असेल म्हणून मी सरळ तिकडे निघाले.

"थांबा," काका म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता. झोपलेल्या मुलाला जागं करायचं नसतं तेव्हा आपण बोलतो, तसा होता. माझा उचललेला पाय तसाच राहिला.

"उठू दे त्याला," ते म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."

त्यांची नजर कार्पेटवरच्या त्या मोकळ्या जागेवर होती. मग नजर हळूहळू बाल्कनीच्या दाराकडे सरकली, दारातून बाहेर गेली, आणि ते म्हणाले, "हं. आता जा."

मला हसायचं होतं. हसूच आलं नाही. मी पातेलं तसंच धरून उभी राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं आणि त्या जागेला वळसा घालून टेबलावर ठेवलं.

खाली येऊन मी नवऱ्याला सांगितलं. काचबिंदूचं तेवढं गाळलं, कारण शब्द दिला होता. तो म्हणाला, "उन्हाचं होतं असं. आणि साहेबांपुढे काही बोलू नकोस, प्लीज." पुढे खूप वर्षांनी एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडून मी ऐकलं, की दृष्टी जाणाऱ्या काही माणसांना नसलेल्या वस्तू दिसतात, माणसं, फुलं, जनावरं. डोकं शाबूत असतं, डोळाच खेळ करतो. हे मला त्या दुपारी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगितलं असतं तरी मी त्या जागेवर पाय ठेवला असता का, हे काही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

काका त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. फक्त त्यांचं डोळे तपासायचं वेड वाढलं. लिफ्टमध्ये, जिन्यात, दिवाळीच्या फराळाला, कुणालाही हात पुढे करायला लावून तळव्यांच्या भोकातून स्वतःकडे बघायला लावायचे. एकदा मी त्यांना एकटेच आरशासमोर उभं राहून ते करताना पाहिलं. दोन्ही हात पुढे, तळव्यांमध्ये भोक, आणि भोकापलीकडे त्यांचाच डोळा.

"उजव्याचं राज्य गेलं," ते मला म्हणाले. "आता सगळा कारभार डाव्याकडे. आणि ते बसतंही डावीकडेच."

बंदूक शेवटी मिळाली ती दुकानात नाही. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागदपत्रं फिरवणारा इथला माणूस, म्हातारा होता आणि काकांचा दोस्त होता. आतल्या वाळवंटात त्याचा मजरा होता, खजुराची झाडं आणि शेळ्या असलेलं शेत. कोल्हे कोंबड्या नेतात म्हणून तो तिथे परवान्याची बंदूक ठेवायचा. थंडीच्या एका शुक्रवारी त्याने आम्हा चौघांना सकाळच्या नाश्त्याला बोलावलं. गाडी माझा नवरा चालवत होता. काकांनी गाडी चालवणं सोडून दिलं होतं; 'मला रस्ता बघायला आवडतो' असं सांगायचे. मुलीला आम्ही खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं.

थंडीत तिकडे सकाळी धुकं पडतं, ते दिव्यांनाही दाद देत नाही. समोरच्या ट्रकचे लाल दिवे दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. नवरा घाबरून स्टिअरिंगला चिकटला होता. काका मात्र पुढच्या सीटवर निवांत बसले होते. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आज सगळे सारखेच," ते म्हणाले आणि हसले. मागच्या सीटवर काकूंनी माझा हात घट्ट धरला.

मजऱ्यावर पोचलो तरी धुकं तसंच होतं. शेळ्यांचा आवाज यायचा, शेळ्या दिसत नव्हत्या. मंदूबचा लांब पायांचा शिकारी कुत्रा तेवढा धुक्यातून येऊन आम्हांला हुंगून गेला. चहा झाला, खुबूस आणि मध झाला. मग म्हाताऱ्याने आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी आणलं.

"ये मेरा माँ का है," तो काकूंना म्हणाला. "माँ बकरी देखता था, पहाड़ में भेड़िया आता था. माँ छोटा था, तो बंदूक भी छोटा."

बंदूक खरंच लहान होती. दस्त्याचं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं आणि जिथे गाल टेकतो तिथे काळसर डाग पडला होता. काकांनी ती आधी हातात घेतली. बघितली नाहीच, नुसती बोटांनी चाचपली, नळीपासून दस्त्यापर्यंत. मग काकूंच्या कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवला. बोट चापावर अलगद पोचलं. काकूंनी बंदूक खांद्याला लावली, डाव्या खांद्याला, रोज सोटा लावायच्या तशीच.

"जड आहे का?" काकांनी विचारलं.

"काय जड आहे का?" काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "हीच," म्हणाले. "ह्या मापाची. ह्या वजनाची."

समोर, आता जरा पातळ झालेल्या धुक्यात, वाळूचा उंच ढिगारा होता आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी एक जुनं घाफचं झाड. मंदूबने दूध पावडरचा रिकामा डबा ढिगाऱ्यावर ठेवला आणि मागे आला. काकूंनी पहिल्याच गोळीला डबा पाडला. झुरळ न मारणारी बाई! मी टाळ्या वाजवल्या, म्हातारा 'माशाल्ला, माशाल्ला' करू लागला, नवरा म्हणाला, "काकू, आजपासून तुम्हांला घाबरून राहायला हवं." दुसरी गोळी भरून म्हाताऱ्याने बंदूक काकूंच्या हाती दिली आणि तो डबा पुन्हा उभा करायला निघणार, एवढ्यात कुत्रा उभा राहिला. कान ताठ, एक पाय वर. तो घाफच्या झाडाकडे बघत होता.

"कुणी हलू नका," काका म्हणाले.

तोच आवाज. त्या दुपारचा. मी नवऱ्याचा शर्ट धरला.

"आलंय ते," काका काकूंना म्हणाले. "घरापासून आपल्यामागे आलं. बुंध्याशी, डावीकडे. बसलंय. आपल्याकडेच बघतंय."

मी डोळे फाडफाडून पाहिलं. झाड होतं, झाडाचा बुंधा होता, आणि बुंध्याच्या डावीकडे नुसतं धुकं. पातळ, हळूहळू सरकणारं. दुसरं काही म्हणजे काही नव्हतं.

काकूंनी बंदूक खांद्याला लावली. गाल त्या काळ्या डागावर टेकला.

"दिसतंय?" काकांनी विचारलं.

काकूंनी नळी बुंध्याच्या डावीकडे वळवली.

"दिसल्याशिवाय?"

"चाप ओढायचा नाही," काकू म्हणाल्या.

"मग? दिसतंय का?"

लग्नाला इतकी वर्षं झालेली ही बाई. सोटा जड असला तर सगळ्यांसमोर 'जड आहे' म्हणणारी. खोटं बोलण्याची सवयच नव्हती तिला, आणि या एका बाबतीत खोटं बोलणं म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काका तिच्या उजव्या हाताला उभे होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते झाडाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ थरथरत होते. भीतीने माणूस थरथरतो हे मी पाहिलं होतं. पण तो माणूस काका असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. सुट्टीच्या इतक्या दुपारी ते त्या आरामखुर्चीत का बसून असायचे, ते मला तिथे कळलं. ते पहारा देत होते.

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "चांगलं दिसतंय."

आणि त्यांनी चाप ओढला.

आवाज फार मोठा नव्हता. धुक्याने तो लगेच गिळला. दूर शेळ्या ओरडल्या आणि गप्प झाल्या.

"पडलं," काका म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे करून काकूंचा खांदा शोधला. इतक्या वर्षांत त्यांना कुणाचा आधार घेताना मी पाहिलं नव्हतं. काकूंनी बंदूक म्हाताऱ्याकडे दिली आणि दोघं त्या झाडापर्यंत चालत गेले. काका गुडघ्यावर बसले. वाळूवर हात फिरवला. "जागच्या जागी," त्यांचं बोलणं आम्हांला ऐकू आलं. "हाल झाले नाहीत त्याचे. छान झालं."

मंदूब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. त्याचा कुत्रा झाडापाशी गेला, त्या जागेभोवती नाक खाली घालून एक पुरतं रिंगण घेतलं, आणि मध्ये पाय न ठेवता परत आला.

गाडीत बसण्याआधी काका माझ्या नवऱ्यासमोर उभे राहिले. "तुला एक सांगायचंय. मला फार कमी दिसतं. पुष्कळ दिवसांपासून."

"साहेब," नवरा म्हणाला, "सगळ्या यार्डाला माहीत आहे. तडा गेलेला पाइप तुमच्या वाटेत आधीच उजव्या, हातोडीच्या हाताला लावून ठेवतात पोरं." आणि हा पठ्ठ्या ते मला कधी बोलला नव्हता! काकांना राग येईल असं मला वाटलं. ते नुसते मान हलवून गाडीत बसले आणि घर येईपर्यंत गाढ झोपले.

मी मागच्या सीटवर काकूंना हळूच विचारलं, "काकू, खरं सांगा. तुम्ही कशावर मारलीत गोळी?"

"त्याच्यावर."

"पण तिथे काही नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आंधळी आहे. "इतकी वर्षं मी त्याच्याभोवतीनं केर काढतेय गो," त्या म्हणाल्या. "मला दिसणार नाही?"

काकांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. सामान निघालं, सोटा काकूंनी हॅन्डबॅगेसारखा विमानात नेता येतो का विचारलं आणि नेता येत नाही म्हटल्यावर मला दिला. पुढे गावाकडून निरोप यायचे. परवाना काकूंच्या नावावर झाला. तशीच लहान, हलकी बंदूक कुणीतरी मिळवून दिली. संध्याकाळी त्या पडवीत बंदूक घेऊन बसतात, काका शेजारी बसून वारा कुठला ते सांगतात, आणि डुकरं भाताकडे फिरकत नाहीत. काकांना पुढे अजिबात दिसेनासं झालं, पण त्यांनी पुन्हा कधी 'ते आलंय' म्हटलं नाही, असं काकूंनी फोनवर सांगितलं.

त्यांचा फ्लॅट समुद्राच्या बाजूचा, म्हणून आम्हीच घेतला. सामान गेल्यावर हॉल रिकामा झाला तेव्हा मी पहिल्यांदा ते कार्पेट नीट पाहिलं. सगळीकडे झिजलं होतं. सोफ्यामागून बाल्कनीकडे जाणाऱ्या वाटेवर तर तळाचे धागे दिसत होते. आणि बाल्कनीच्या दाराशी, डावीकडे, एक लांबट गोल जागा होती, तिथे कार्पेट दुकानातून आणल्यासारखं दाट आणि तपकिरी होतं. मोठं जनावर अंग मुडपून झोपलं तर मावेल एवढी.

नवरा टेप घेऊन आला. "इथे आपला सोफा मस्त बसेल," म्हणाला. "समुद्र समोर."

मी दोन्ही हात पुढे केले, तळव्यांमध्ये भोक केलं आणि त्यातून त्या जागेकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं, मग एकेक मिटून पाहिलं. काही नव्हतं. नुसतं कार्पेट होतं. आणि ते तर पडलं होतं, मजऱ्यावर, माझ्या देखत.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. दिसल्याशिवाय चाप ओढू नये, हे काकांचं बरोबरच आहे. पण दिसत नाही म्हणून कुणाच्या अंगावर बसायचं का? सोफा आम्ही दुसऱ्या भिंतीला लावला.